हिराच्या माइकचं बटण

नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला नाही. देवासमोर बसते तेव्हा तर या विषयाला मी अशी काही बगल देते, की देवालाही वाटत असेल, बाई साधी आहे बिचारी. तुम्हांला सांगतेय, कारण — कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हीच म्हणाला असतात, "कोण, वैजूताई? छे हो! हिराबाईंसाठी त्या किती करतात!"

करतेच मी. तेही येईल पुढे.

कुठून सुरू करू? हिरापासून करायला हवं, पण जीभ तिकडे वळत नाही. त्या डबीपासून करते. आमचं डोंबिवलीत बायकांचं भजनी मंडळ आहे. आठजणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, गुडघ्यांची तक्रार सगळ्यांचीच. हळदीकुंकू, सोसायटीची पूजा, कुणाची साठी, कुणाचं बारसं — दुपारी चार ते सहा. मंडळ मी काढलं. हे सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. बघा, स्वभाव जात नाही. आधी ज्या हॉलमध्ये जाऊ तिथला माइक वापरायचो. तो कधी किंचाळायचा, कधी मुका. मग माझ्या मुलीने मंडळाला एक स्पीकर घेऊन दिला. बॅगेसारखा, चाकांवर ओढत न्यायचा, बॅटरीवर चालणारा. दोन माइक. आणि एक रिमोट.

रिमोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर टीव्हीचा आला असेल. तसा नाही. याला वायर होती. लांबलचक काळी वायर, एक टोक स्पीकरमध्ये खोचायचं, दुसऱ्या टोकाला हातात मावेल अशी चपटी डबी. स्पीकर कुठेही लांब ठेवा, डबी आपल्या मांडीशी. डबीवर तीन गोल बटणं, फिरवायची. एक नंबर माइक, दोन नंबर माइक, आणि तिसरं दोघांचं मिळून. पहिल्या दोन बटणांशेजारी मुगाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. माइकमध्ये चांगला जोरकस आवाज शिरला की तो लुकलुकायचा, कुजबुजीला नाही. नीट सांगते — दिवा आत येणाऱ्या आवाजाचा, बटण बाहेर जाणाऱ्या आवाजाचं. बटण पार खाली केलं तरी दिवा आपला लुकलुकतच राहायचा. मुलीने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. बाकीच्या विसरल्या. मी विसरले नाही.

आमच्यात साउंडवाला कुणी नव्हता, म्हणून डबी माझ्याकडे. एक नंबर माइक माझा, दोन नंबर हिराचा. बाकीच्या टाळ घेऊन मागे, शालनताई ढोलकीवर. स्पीकरचं तोंड लोकांकडे आणि आमच्याकडे पाठ. समोर काय ऐकू जातंय ते गाणाऱ्याला कळतच नाही. टाळांच्या गदारोळात स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाला सापडत नाही. म्हणून खूण ठरली होती. गाता गाता हिराने एक बोट वर केलं, की 'माझा आवाज वाढव.' मी मान हलवली, की 'वाढवला.'

एवढंच. बोट आणि मान.

आता हिरा. हिरा खाडीकडच्या जुन्या गावातली, कोळ्यांची. आठवड्यातून तीनदा आमच्या सोसायटीत मासे घेऊन यायची. बोंबील साफ करताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची, आणि मी आपली जिन्यात ताट धरून उभी — घरात आमटी उतू चाललेली तरी हलायचे नाही. असा आवाज मी त्याआधी जवळून ऐकला नव्हता. रुंद. थोडा खरखरीत, पण वर जाताना कुठे अडखळणं नाही. मी म्हटलं, मंडळात येतेस का? ती म्हणाली, "मना? वयनी, तुमच्या बायका नाक मुरडतील गो." मुरडलंच दोघी-तिघींनी. मी त्यांना सुनावलं, आवाजाला कसला वास येतो गं? हे वाक्य मंडळात अजून सांगतात. माझ्या कौतुकात.

ती यायची ती न्हाऊन, पिवळी साडी, केसांत अबोली. महिन्याभरात माझी 'वयनी'ची 'वैजू' झाली. डबी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तर तिने कपाळावर हात मारला. "अगो, हा त पाकट!" पाकट माहीत आहे ना? चपटा, काळा मासा, आणि मागे ही लांब शेपटी. तेव्हापासून कार्यक्रमाला निघताना तिचा फोन ठरलेला — पाकट घेतलास का गो?

एक गोष्ट तिने मला लवकरच सांगितली होती, ती इथेच सांगून टाकते. ती गावातली धवलारीण. त्यांच्याकडे लग्नात धवले म्हणतात. हळद लागण्यापासून मुलगी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. ते आईकडून लेकीकडे येतं, वहीत कुठे नसतं. हिराने गावातल्या कितीतरी मुली धवले म्हणून सासरी पाठवल्या. आता तिला एकच नात. "तिच्या लग्नात धवले बोलले, का मी मोकली," असं म्हणायची. दुसरी काही इच्छा तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

आता येते. येतेच आहे मुद्द्याकडे.

नवरात्रातली दुपार होती. ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम. दुपारच्या कार्यक्रमाला एक गुंगी असते, अनुभव असेल तुम्हांला. जेवणं झालेली, पंखे गरगरतायत, पडद्यातून पिवळा उजेड पडलाय, उदबत्तीचा धूर सरळ न जाता आळसावल्यासारखा वळतोय. तिसऱ्या अभंगाला निम्म्या बायकांचे डोळे मिटलेले असतात — भक्तीने की झोपेने, देव जाणे. मीही गाताना डोळे मिटते. त्या दिवशी हिराचा आवाज असा लागला होता, की मला वाटलं आपण सगळ्या होडीत बसलोय आणि होडी सुटलीय. फार सुंदर होतं ते. खोटं कशाला बोलू?

संपल्यावर एक बाई पुढे आल्या. हिराचे दोन्ही हात धरले, म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आणलंत हो. मग माझ्याकडे वळून — हसून, अगदी मनापासून — म्हणाल्या, "तुम्ही साथ छान देता."

साथ.

मंडळ माझं. स्पीकर माझ्या मुलीचा. पेटीवाल्या गुरुजींकडे सात वर्षं मी गेले. आणि मी साथ छान देते! हसू येतंय ना? मलाही आलं होतं, तोंडभर. घरी येऊन कुकर लावला, डाळीत मीठ दोनदा घातलं. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, दमले.

पुढचा कार्यक्रम कल्याणला होता, कुणाच्या तरी साठीचा. तीच गुंगी, तेच पंखे. हिराने तान घेतली, माझे डोळे मिटलेले, आणि अंगठा दोन नंबरच्या बटणावर. तो जरासा मागे गेला. घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर बारावरून अकरावर. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की तो अंगठा झोपेत गेल्यासारखा गेला, माझा नव्हताच तो. माझाच होता. डोळे मिटलेले होते तरी कुठलं बटण कुठे आहे ते त्याला बरोब्बर ठाऊक होतं.

काही झालं नाही. कुणी वळून बघितलं नाही. तेच वाईट झालं.

त्यानंतर दर कार्यक्रमाला. अकरा, मग दहा. माझं एक नंबरचं तेवढंच वर. हिराचं बोट वर व्हायचं — तिला काहीतरी जाणवत असणार, समोरच्या बायकांच्या चेहऱ्यांवरून. मी मान हलवायचे. मान हलवून बटण आणखी खाली न्यायचे. हे मी हसत हसत केलंय. ती माझ्याकडे बघून बरं वाटल्यासारखी डोळे मिटायची आणि आणखी जोर लावून गायची. आणि डबीवरचा तो हिरवा दाणा — लखलख, लखलख. मी पदराचं टोक डबीवर टाकायला लागले.

दोन वर्षं. दोन नवरात्रं म्हणा.

लोक बोलायला लागले, हिराबाईंचा आवाज हल्ली पोचत नाही. शालनताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बसलाय गं तिचा गळा, नाही?" मी म्हटलं, "वय झालं गं." हे मी म्हटलं! मग हिराच्या सुनेने समोर बसून मोबाइलवर कार्यक्रम घेतला आणि घरी दाखवला. हिराने पाहिलं, की आपलं तोंड हलतंय, मानेच्या शिरा ताणल्यात, आणि ऐकू येतेय ती वैजू. मोबाइल खोटं कशाला बोलेल? दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. आमच्या दारात टोपली न घेता आलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. म्हणाली, "घरान गाते तवा बरा वाटते गो. लोकांत गेला का कुठं जाते, काय म्हाईत."

तेव्हा सांगता आलं असतं. तिथेच, दारात. मी काय केलं? ज्येष्ठमधाची काडी दिली. खडीसाखरेची पुडी बांधून दिली. गरम पाण्याच्या गुळण्या कर म्हटलं. इतकंच नाही, तिला रिक्षात घालून कल्याणला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दिवा लावून आत बघितलं, म्हणाले, काही नाही, गळा स्वच्छ आहे. मला हायसं वाटलं — लाज वाटायला हवी होती, हायसं वाटलं. पण हिराचा चेहरा पडला. गळा चांगला असूनही आवाज जात नाही म्हणजे देवानेच काढून घेतला, असं तिने मनाशी धरलं. परत येताना रिक्षात माझा हात तिच्या हातात होता. तिच्या तळहातांना सुरीचे जुने वण आहेत, ते मला लागत होते. "तू हायस म्हनून," ती म्हणाली. वाक्य तिने पुरं केलं नाही.

मग बोट वर करणं तिने सोडलं. मग एका कार्यक्रमाला माइक शालनताईकडे सरकवून म्हणाली, मी मागे बसते, टाळ धरते. सगळ्यांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसू दे गं, तिला त्रास होतो. केवढी माया!

त्या दिवसांत मला एक स्वप्न पडायचं. खाडीला ओहोटी आहे, सगळीकडे मऊ, चकचकीत चिखल, आणि त्यातून ती काळी वायर गेलीय. मी ती ओढतेय. ओढतेय, ओढतेय, हातात ओली वायर येतच राहते, टोक येत नाही. भीती नसायची स्वप्नात. उलट छान गार वाटायचं पायांना. जाग आली की हात छातीशी घट्ट मिटलेले असायचे.

आणि मग तिच्या नातीचं लग्न ठरलं.

हिराने सांगून टाकलं, धवले मी म्हणणार नाही. आवाज नसलेली धवलारीण म्हणजे अपशकुन, असं तीच म्हणाली. विठ्ठलवाडीकडून दुसरी बाई ठरवली, तरुण, चाळिशीची. पण नात हटून बसली — हळद लागताना एक तरी धवला आजीचाच हवा. शेवटी हिराच्या मुलाने तोड काढली. मला फोन केला. "मावशी, तुमचा तो स्पीकर घेऊन या ना. आई हळू बोलली तरी ऐकू जाईल. आणि बटण तुमच्याच हातात ठेवा, तिचा तुमच्यावर भरवसा हाय."

रात्रभर मी पाणी पीत राहिले. सकाळी उठून ठरवलं, की आज भरपाई करायची. आज बटण पार शेवटापर्यंत. आज सगळ्या गावाला कळेल, आणि तिलाही कळेल, की आवाज आहे. कसा परत आला ते विचारलं तर देवाचं नाव सांगू. बघा, तेव्हाही माझी वाट मी मोकळी ठेवली होती.

अंगणात मांडव, आंब्याचे टाळे, हळदीने सगळ्यांचे हात पिवळे. दुपारचीच वेळ. खाडीवरून वारा येत होता आणि मांडवाचं कापड फुगत होतं, बसत होतं. नात पाटावर. हिरा तिच्या शेजारी, पिवळ्या साडीत, केसांत अबोली. मी स्पीकर मांडला, वायर सोडली, डबी हातात घेऊन समोर बसले. पदर बाजूला केला. बायका गप्प झाल्या. हिराने माइक तोंडाशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या दोन वर्षांत पहिल्यांदा खरी हलवली. दोन नंबरचं बटण फिरवलं — बारा, दोन, चार, पुढे जाईना तिथपर्यंत.

तिचे ओठ हलले.

हिरवा दिवा लागला नाही.

मी डबी हलवून बघितली. वायर तपासली. माइक चालू होता. वाऱ्याची फरफर स्पीकरमधून येत होती, बांगड्यांची किणकिण येत होती. हिरा गात होती, पण कशी — श्वासाच्या आत. मोडेल म्हणून जपून उचललेल्या वस्तूसारखा आवाज तिने धरला होता. रुंद, खरखरीत, वर जाणारा तो आवाज तिने बाहेर काढलाच नाही, कारण तो नाही हे तिला ठाऊक झालं होतं. माझ्याकडूनच ठाऊक झालं होतं. बटण शेवटाला टेकलेलं, आणि द्यायला आत काही येतच नव्हतं.

दोन ओळी झाल्या असतील. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी पाणी मागितलं. ती विठ्ठलवाडीची बाई चांगली होती हो, ती थांबली होती. मग तिने हळूच पुढची ओळ उचलली, माइकशिवाय, आणि सगळा मांडव तिच्यामागे गेला. हिराने माइक मांडीवर ठेवला. दोन्ही हातांनी नातीच्या गालाला हळद लावली. नात रडत होती. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून.

हळद झाल्यावर हिरा माझ्याकडे आली. मला वाटलं, कळलं हिला. देवाशपथ सांगते, मला वाटलं, कळू दे. तिने माझ्या डोक्यावरून पिवळा हात फिरवला आणि म्हणाली, "तू पाकट आनलास म्हनून येवरा तरी झाला गो."

'हिरा, तुझा आवाज गेला नाही, मी बंद केला.' किती शब्द होतात? माझ्या तोंडात आले होते. मी ते गिळले आणि वर जिलेबी खाल्ली. तिच्यासाठी नाही गिळले, तिला दुःख होईल म्हणून वगैरे काही नाही. लोक काय म्हणतील म्हणून. तो मुलगा, ती सून, शालनताई — त्यांच्या डोळ्यांत मी जी वैजूताई आहे ती जाईल म्हणून. इतकी भित्री आहे मी.

हिरा आता गात नाही. मासे साफ करतानाही नाही. मी जिन्यात उभी राहून बघितलंय. मंडळाला मात्र येते. टाळसुद्धा धरत नाही, पहिल्या रांगेत बसते आणि मान डोलावते. दोन नंबरच्या माइकवर आता एक नवीन बाई आहेत, बऱ्या गातात. डबी अजून माझ्याकडेच आहे. दोन नंबरला मी हात लावत नाही, हे सांगून काय उपयोग?

गेल्या आठवड्यात डोंबिवलीतच कार्यक्रम झाला. संपल्यावर एक बाई पुढे आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आणलंत हो. मला हवं होतं ते वाक्य. शब्द न् शब्द तेच. मी काही बोलायच्या आत शेजारून हिरा म्हणाली, "माजी मैतरीन हाय ती," आणि केवढी खूश होऊन हसली.

मग ती नेहमीसारखी खाली बसली. वायर गुंडाळायचं काम तिने आपणहून घेतलंय. बाकी कुणाला जमत नाही, गुंता करतात. ती कोपर आणि तळहात यांमध्ये एकसारखे वेढे घालत गेली, जाळ्याची दोरी गुंडाळतात तसे. टोकाशी डबी आली तेव्हा तिने ती पदराने पुसली, एक नंबरचं बटण, दोन नंबरचं बटण, तो हिरवा दिवा, आणि माझ्यासमोर धरली.

"घे गो, तुजा पाकट."

मी हात पुढे केला आणि घेतला.